कॉम्प्युटरनं कापलं

आमच्या सिकंदराबादेत कुठल्याही मीसेवा केंद्राच्या किंवा रेशन दुकानाच्या खिडकीशी अर्धा तास उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सिस्टममें नै आरा अम्मा." कधी तेलुगूत, कधी दख्खनीत, कधी मोडक्यातोडक्या हिंदीत. नाव सिस्टममध्ये येत नाही. कार्ड कॉम्प्युटरनं कापलं. या वाक्यात कर्ता म्हणून माणूस कुठेच नाही. खिडकीतला मुलगा म्हणतो, माझ्या हातात काही नाही. वरचा साहेब म्हणतो, यादी वरून आली. वरचे म्हणतात, आम्ही नुसती माहिती पुरवतो. मग उरला कॉम्प्युटर, आणि त्याला जाब विचारायची काही सोय नाही.

एआयचा एवढा गाजावाजा चालला आहे, त्यातून पैसा कोण कमावतो हा प्रश्न आता बरेच जण विचारू लागलेत. विचारायलाच हवा, मीही पुढे विचारणार आहे. पण मला त्याआधी दुसराच एक नफा दिसतो. यंत्राला 'बुद्धी' म्हटलं, की त्या बुद्धीच्या नावावर निर्णय खपवता येतात आणि निर्णय घेणाऱ्याला हात झटकून मोकळं होता येतं. ही सवलत पैशापेक्षा महाग आहे, आणि तिची किंमत खिडकीशी उभी असलेली बाई देते.

हे मी हवेत बोलत नाही. तेलंगण सरकारनं 'समग्र वेदिका' नावाची एक यंत्रणा उभी केली. (वेदिका म्हणजे तेलुगूत व्यासपीठ. आमच्याकडे वेदीवर भगवंत विराजमान असतात, म्हणून ते नाव वाचलं की मला उगीचच चमत्कारिक वाटतं.) निरनिराळ्या सरकारी खात्यांकडची माहिती एकत्र करायची, कुणाच्या नावावर गाडी आहे, कुणाची जमीन आहे, कुणाच्या घरात सरकारी नोकरी आहे, आणि नाव-पत्ते जुळवून एकेका माणसाचं पूर्ण चित्र तयार करायचं. मग त्या चित्रावरून ठरवायचं, हे कुटुंब स्वस्त धान्याला पात्र की अपात्र. नावं जुळवायचं सॉफ्टवेअर एका खाजगी कंपनीचं. ज्या राज्यानं २०२० हे वर्ष 'एआयचं वर्ष' म्हणून जाहीर केलं, तिथं अशा यंत्रणेचं कौतुक झालं नसतं तरच नवल.

आता नाव जुळवणं म्हणजे काय, हे हैदराबादेत राहणाऱ्याला सांगायला नको. इथं एका गल्लीत चार सय्यद अली, तीन लक्ष्मी आणि पाच श्रीनिवास राव असतात. इंग्रजीत लिहिताना एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. आडनाव आधी की नंतर याचा पत्ता नाही. २०२४ च्या जानेवारीत अल जझीरावर 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह'च्या पत्रकारांचा एक शोधवृत्तान्त आला. त्यात याच शहरातल्या एका म्हाताऱ्या विधवेची हकिगत आहे. तिचा नवरा रिक्षा ओढायचा. यंत्रानं त्याचं नाव एका मोटारवाल्याच्या नावाशी जुळवलं, आणि रिक्षावाला कागदावर चारचाकीचा मालक झाला. झालं, धान्य बंद. ती गाडी आपली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कुणावर? त्या बाईवर. जी वस्तू घरात कधी नव्हतीच, ती नाही हे कसं सिद्ध करायचं, ते मला कुणीतरी सांगावं.

त्याच वृत्तान्तातले आकडे असे. २०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात अठरा लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली आणि सुमारे १,४२,००० नवे अर्ज फेटाळले गेले, तेही नोटीस न देता. ही सगळीच कापाकापी एकट्या समग्र वेदिकेनं केली असं नाही. ती मधेच आली. पण पद्धत तीच, घरी न जाता बसल्या जागी कापणं. एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्यानं त्याविरुद्ध याचिका केली. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. मग लोकांनी पुन्हा अर्ज केले, ४,९१,८९९. त्यांतले २,०५,७३४ तपासून झाले तेव्हा १५,४७१ कुटुंबं पात्र निघाली. म्हणजे दर तेरा-चौदा घरांमागे एक घर चुकून कापलं गेलेलं.

साडेसात टक्के. आमच्या पुतण्याला हा आकडा सांगितला. तो हायटेक सिटीत आहे, मुलगा गुणी आहे. म्हणाला, "काकू, म्हणजे साडेब्याण्णव टक्के बरोबर! सुरुवातीला एवढं चालतं." त्याच्या धंद्यात चालत असेल. मी गृहिणी आहे, मला टक्के कळत नाहीत, किलो कळतात. तेलंगणात तेव्हा माणशी सहा किलो तांदूळ एक रुपया किलोनं मिळायचा. चार माणसांचं घर धरा. महिन्याला चोवीस किलो, चोवीस रुपयांत. तोच तांदूळ बाजारात चाळीसनं घेतला तर नऊशे साठ. महिन्याला नऊशे छत्तीसचा खड्डा, वर्षाला ११,२३२ रुपयांचा. धुणंभांडी करणाऱ्या बाईला एका घराचे महिन्याला किती मिळतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या खड्ड्यासाठी तिनं आणखी एक घर धरायचं. आणि हे वर्षानुवर्षं, कारण कार्ड एका बटणासरशी जातं; परत यायला मात्र सुप्रीम कोर्ट लागतं.

बोगस कार्डं नव्हती का? होती. भरपूर होती. बंगल्यात राहून पांढऱ्या कार्डावर तांदूळ उचलणारे आणि तो इडलीच्या गाडीवाल्याला विकणारे मी या डोळ्यांनी पाहिलेत, आणि तो तांदूळ गरिबाच्याच तोंडचा असतो हेही मला समजतं. त्यांना शोधायला यंत्राची मदत घेतली तर माझं काही म्हणणं नाही. यंत्रानं संशयितांची यादी द्यावी, मग माणसानं दारात जाऊन बघावं, गाडी आहे का, गाडी ठेवायला जागा तरी आहे का. यादीपाशीच थांबून यादीलाच निकाल मानायचा, ही काटकसर कुणाच्या सोयीची? घरोघर जाणाऱ्या माणसांचे पगार वाचतात. शिवाय चूक निघाली तर सही कुणाचीच नसते.

आणि यंत्र कसं ठरवतं, हे तरी बघू द्यावं ना. पत्रकारांनी माहितीच्या अधिकारात त्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड मागितला. उत्तर आलं, देता येत नाही, त्याचे हक्क कंपनीचे आहेत. पुन्हा वाचा. ज्या नियमानं एखाद्या नागरिकाचा तांदूळ बंद होतो, तो नियम एका दुकानदाराच्या मालकीचा आहे. माझ्या वाण्याच्या काट्यावर दर वर्षी वजनमापाचा शिक्का लागतो. नाही लागला तर दंड होतो. इथं लाखो घरांचं माप करणारा काटा झाकून ठेवलाय, आणि आम्हाला सांगतात, भरवसा ठेवा, यात बुद्धी आहे.

पुतण्या म्हणतो, "पण काकू, माणूस पक्षपात करतो. मशीनला राग नाही, लोभ नाही." खरं आहे बाबा. दगडालाही नसतो. तेवढ्यानं दगड वीतराग होतो का? आमच्या शास्त्रात ज्ञान हा जीवाचा गुण मानलाय. अजीवाला राग-लोभ नसतात, कारण त्याला काहीच नसतं. सर्व काही एकाच वेळी जाणणाऱ्याला केवली म्हणतात, आणि तिथं पोचायची अट मोठी कडक आहे. आधी मोह संपायला हवा, मगच केवलज्ञान. इथं उलटाच प्रकार दिसतो. शेअरचा भाव वाढावा हा लोभ शाबूत ठेवून कंपन्या सांगत सुटल्यात, की आणखी दोन-चार वर्षं थांबा, आमचं यंत्र सर्वज्ञ होणार आहे. थोडं भांडवल मात्र अजून लागेल.

शास्त्राचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, कारण माझा मुद्दा तिथंच आहे. जपमाळेत १०८ मणी का, याचं आमच्याकडे एक गणित आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. मन, वचन, काया हे तीन योग. संरंभ, समारंभ, आरंभ या तीन पायऱ्या. आणि कृत, कारित, अनुमोदित, म्हणजे स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि दुसरा करत असताना बरं वाटून घेणं. चार गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन. पाप आत यायला इतक्या वाटा. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हे आहे, आणि आलोचना पाठ म्हणताना आम्हा बायकांच्या तोंडून हे शब्द इतक्यांदा जातात, की त्यांचा अर्थ गुळगुळीत होऊन गेलाय.

अर्थ असा, की हात आपला नव्हता या सबबीला जागाच नाही. झुरळं झाली म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं, आपण मंदिरात जाऊन बसायचं आणि संध्याकाळी 'मी नाही हो मारलं' म्हणायचं, हे चालत नाही. ते कारितात जमा होतं. (तरी बोलावतात. त्या घरांत मी चहा घेतलाय.) मुनींसाठी म्हणून मुद्दाम रांधलेलं अन्न मुनी घेत नाहीत, तेही याच हिशेबानं. चूल त्यांनी पेटवलेली नसते, तरी चूल त्यांच्या निमित्तानं पेटली हा दोष त्यांना लागतो. इतका काटेकोर हिशेब जिथं ठेवतात, तिथं वाढलेल्या मुलीला 'कॉम्प्युटरनं कापलं' हे उत्तर कसं पटावं? कॉम्प्युटर तर झाडूसारखा. त्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. मग जमा होतं कुणाच्या?

पायऱ्यांनीच जाऊ. संरंभ म्हणजे मनात ठरवणं. कुणीतरी एका बैठकीत ठरवलं, की इतकी कार्डं कमी करायची. समारंभ म्हणजे त्यासाठी साधनं गोळा करणं. टेंडर निघालं, खात्याखात्यांतली माहिती आली, सॉफ्टवेअर आलं. आरंभ म्हणजे पहिलं कार्ड कापलं. प्रत्येक पायरीवर पगार घेणारी माणसं बसलेली आहेत. मराठीत 'समारंभ' म्हटलं की आपल्याला हार-तुरे आणि फीत कापणं आठवतं. साधनांची जमवाजमव आणि हार-तुरे एकाच शब्दात कसे बसले असतील, याचं कोडं मला सप्टेंबर २०२४ मध्ये सुटल्यासारखं वाटलं. हैदराबादेत दोन दिवसांची मोठी जागतिक एआय परिषद भरली होती. दोनशे एकरांवर एआय सिटी उभारायचं जाहीर झालं होतं. सरकार बदललं होतं, पक्ष बदलला होता. भाषण मात्र तेच होतं. त्या अठरा लाख कार्डांचं पुढे काय झालं, याची फीत अजून कुणी कापलेली नाही.

आता पैशाकडे वळते.

या शहराला लाटांची सवय आहे. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले तेव्हापासून अमीरपेटच्या गल्ल्यांतल्या पाट्या बघत या. मैत्रीवनमच्या आसपास एकावर एक लागलेल्या. आधी जावा, मग सॅप, मग हडूप, मग डेटा सायन्स, आता जेन-एआय. पाटी बदलते. खोली तीच, पंखा तोच, पुष्कळदा शिकवणारा गृहस्थही तोच. करीमनगर, नांदेड, लातूरकडून पोरं येतात, हॉस्टेलच्या एका खोलीत चौघं राहतात आणि बापानं काढलेलं कर्ज फी म्हणून भरतात. नोकरी लागेल न लागेल, क्लासची फी पहिल्या दिवशी भरायची असते. भीती जेवढी मोठी तेवढा प्रवेश जास्त. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. कंपनीच्या प्रमुखांनी स्वतःच सांगितलं, की हे एआयमुळे नाही. ते कुणी ऐकलं? 'एआयनं नोकऱ्या खाल्ल्या' हा मथळा क्लासवाल्याला सोयीचा, वर्तमानपत्राला सोयीचा, आणि उद्या माणसं काढायची असलेल्या मालकालाही सोयीचा. तिथंही तेच, मी नाही काढलं, एआयनं काढलं.

प्लॉट विकणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. एआय सिटी नकाशावर उमटायच्या आधी तिच्यापासून किती मिनिटांवर आपली जमीन आहे, हे यांना पाठ असतं.

आणि ज्या बुद्धीला एवढं डोक्यावर घेतलंय, तिच्या पोटात डोकावलं तर पुष्कळदा आपलीच मुलं बसलेली दिसतात. १७७० च्या सुमाराला व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेन नावाच्या माणसानं बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक तुर्क दाखवला होता. पुढे कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेत लोक तिकीट काढून तो बघत राहिले. पेटीत एक जिवंत खेळाडू अंग चोरून बसलेला असायचा. लंडनच्या बिल्डर डॉट एआय या कंपनीचा खेळ मला त्याच जातीचा वाटतो. ॲप बनवणं पिझ्झा मागवण्याइतकं सोपं करू, आमची 'नताशा' सगळं बघते, असं ती सांगायची. वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१९ मध्येच लिहिलं होतं, की एआयच्या नावाखाली बरंचसं काम भारतातले इंजिनिअर करतात. तरी पुढे मायक्रोसॉफ्टनं पैसे घातले, कतारच्या सरकारी निधीनं घातले. मे २०२५ मध्ये कंपनी बुडाली. आमच्या शहराचंच पाहायचं तर २०१९ मध्येच रॉयटर्सची बातमी होती. फेसबुकवरचे गळे कापल्याचे, आत्महत्यांचे, नको नको ते व्हिडिओ बघून ते ठेवायचे की काढायचे हे ठरवणारी कंत्राटी मुलं हैदराबादेत बसतात, आणि कमी पगाराची, कामाच्या ताणाची तक्रार करतात. जगाला वाटतं, हे सगळं कुठलं तरी हुशार यंत्र गाळतं. ते बघून घरी आलेल्या मुलाच्या घशाखाली घास कसा उतरत असेल, याचा हिशेब कुठल्या ताळेबंदात धरतात?

म्हणजे खेळ दोन्ही बाजूंनी आहे. काम माणसानं केलं तर नाव यंत्राचं, म्हणजे कंपनीचा भाव वाढतो. अन्याय माणसानं केला तरी नाव यंत्राचंच, म्हणजे कुणाला जाब नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, हे तेलंगणाचं काय घेऊन बसल्या. तर २०२५ मध्ये तुमच्याकडे काय झालं ते आठवा. लाडकी बहीण योजनेत खात्याखात्यांची माहिती पडताळून सुमारे २६ लाख लाभार्थी संशयास्पद ठरले आणि जूनपासून त्यांचे पैसे थांबवले. त्यांत चौदा हजारांवर पुरुष निघाले, त्यावर सगळे हसले, हसण्यासारखंच होतं. पण बाकीच्यांत किती जणींचं नाव उगीचच अडकलं, हे बघायला शेवटी कोण गेलं? अंगणवाडी सेविका. भर उन्हापावसात, दारोदार, बाईंच्या घरात चारचाकी आहे का हे बघायला. नियम तोच, गाडीचा. कुठलंही यंत्र ते बघू शकलं नाही. याच सेविकांना जुलै २०२५ पासून आणखी एक काम लागलंय. घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर जुळवायचा. नेटवर्क नाही, फोन जुना, बाळंतीण उन्हात उभी. चेहरा जुळला नाही तर बोलणी सेविकेला. पंधरा वर्षं ज्या बाईला ती ओळखते, तिला ओळखायची परवानगी आता तिला फोनकडे मागायची आहे.

मी यंत्रविरोधी नाही. हा लेख मी फोनला तोंडी सांगून लिहिलाय आणि त्यानं 'अनुमोदना'चं 'अनुदान' केलं ते हातानं दुरुस्त केलंय. तेलुगू पाट्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या मी त्याच फोनला वाचायला लावते. उपयोगाची वस्तू उपयोगापुरती वापरावी. माझं भांडण आहे ते 'बुद्धी' या शब्दाआड लपणाऱ्यांशी. आणि थोडं आपल्याशीही, कारण तिसरा शब्द अनुमोदित आहे. रांगेत आपलं काम झालं, की पुढच्या बाईचं सिस्टममध्ये आलं नाही तरी आपण पिशवी उचलून निघतो. 'बोगस असेल' म्हणतो. मनातून बरं वाटतं, की आपल्या करातले पैसे वाचले.

मागण्या फार मोठ्या नाहीत. कार्ड रद्द झालं तर तिच्या हातात कागद पडावा, तेलुगूत किंवा उर्दूत, जी तिला वाचता येते किंवा कुणाकडून वाचून घेता येते त्या भाषेत. त्यावर कारण असावं: अमुक नंबरची गाडी तुमच्या नावावर आहे. खाली सही असावी, नावानिशी, हुद्द्यानिशी, एका जित्याजागत्या अधिकाऱ्याची. आणि चौकशी पुरी होईपर्यंत चोवीस किलो तांदूळ चालू राहावा.